चौथा श्री

डोंबिवलीतल्या एका शाळेच्या ऑफिसात मी तीस वर्षं जन्मतारखा तपासल्या. शाळेत जनरल रजिस्टर नावाचं एक जाडजूड बाड असतं. त्यात पोराचं नाव आणि तारीख एकदा चढली की दाखल्यापासून पेन्शनपर्यंत तीच चालते. म्हणून मी कुणाला सोडायचे नाही. एकदा एक बाई दोन मुलगे घेऊन आल्या. थोरल्याच्या आणि धाकट्याच्या तारखेत पाच महिन्यांचं अंतर! मी म्हटलं, "बाई, दोन्ही तुमचीच ना? मग मधे जरा दम तरी खायचा." सगळं ऑफिस हसलं. त्या रडवेल्या झाल्या. मला त्यांची दया आली नाही, उलट दिवसभर मी स्वतःवरच खूश होते.

हे आधी सांगून टाकते, कारण पुढे जी चूक झाली ती दुसऱ्या कुणाची असती तर मी म्हटलं असतं, जाऊ दे, माणूस आहे. मला तसं म्हणता येत नाही.

धाकट्या भावाचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा भाचा, ठाण्याला कोलशेतला राहायचा. चौदावा मजला, बाल्कनीतून खाडी दिसते. वय अडतीस. मला मूलबाळ नाही, तेव्हा तो माझाच होता म्हटलं तरी चालेल. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर त्याच्या बायकोला दिवस राहिले, आणि सातव्या महिन्यातल्या एका रविवारी डोहाळजेवण ठरलं. तेव्हा त्याने हे खूळ काढलं.

"आत्या, आपल्या घराण्याचा वंशवृक्ष करायचा. मोठा प्रिंट काढायचा आणि झोपाळ्याच्या मागे लावायचा. बाळाला कळायला नको का, कुणाकुणाच्या घरात येतोय ते?"

"बाळाला सातव्या महिन्यात वाचता येतं का रे?"

"तू रिटायर झाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीचं डोकं खातेस. त्यापेक्षा हे कर ना. सॉफ्टवेअर आहेत त्यासाठी. मी दोन काढून देतो, तू वापरून बघ, जे बरं वाटेल ते घेऊ."

मी लगेच हो म्हटलं. घराण्याची वही कल्याणजवळ मोहन्याला धाकट्या काकांकडे आहे, हे मला ठाऊक होतं. काका म्हणजे बाबांचे सगळ्यात धाकटे भाऊ, नव्वदीला टेकलेले. कोकणातून येऊन बाबा आणि त्यांचे भाऊ मोहन्याच्या कंपनीत लागले, त्यातले आता हे एकटेच उरलेत. वही आजोबांच्या आजोबांपासूनची, लाल फडक्यात बांधलेली. काका ती कुणाला देत नाहीत. माझ्या हातात त्यांनी फक्त झेरॉक्स ठेवली, तीही शेजाऱ्याला पाठवून काढून आणलेली.

वहीत मुली नव्हत्याच. मी नव्हते, माझ्या आत्या नव्हत्या. ते अपेक्षितच होतं, तरी मनात शिव्या घातल्याच. पण गंमत म्हणजे भाचाही नव्हता. भावाचं नाव होतं, त्याच्यापुढे काहीच नाही. म्हटलं, म्हाताऱ्याचं वय झालं, राहिलं असेल लिहायचं.

मग सॉफ्टवेअर. एक फोनवर चालणारं. हिरवी पानं, गोल चौकटीत फोटो, बोटाने ओढलं की झाड सरकायचं. दुसरं कॉम्प्युटरवरचं, सरकारी फॉर्मसारखं रटाळ. आपली नाती दोघांनाही कळत नव्हती. चुलत, मामे, आते, मावस, सगळ्यांना एकच शब्द. लग्नात बाईचं पहिलं नावसुद्धा बदललं असेल तर ते कुठे घालायचं, याचा दोघांनाही पत्ता नाही. तिथीचं तर नावच काढू नका. मी तीन आठवडे दोन्हींत तीच माणसं भरत होते, आणि एका कागदावर कुणात काय धड आहे ते टिपत होते. रटाळाची एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी पटली. ते तपासायचं. काही जुळत नसलं की नावापुढे लाल त्रिकोण यायचा आणि खाली कारण. म्हटलं, हा माझ्या जातीचा आहे.

वहीत एक नाव होतं. ते मी इथे लिहीत नाही. आजोबांच्या काकांचं नाव ते, आणि माझ्या भाच्याचंही तेच. भाच्याच्या बारशाला बाबांनी हट्ट धरला होता, हेच नाव ठेवायचं. पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून मी वाकले, कुर्र केलं, नाव सांगितलं आणि बायकांनी माझ्या पाठीत धपाधप धपाटे घातले. मान वर केली तर बाबा कोपऱ्यात उभे राहून रडत होते. नातवाचा आनंद झाला असेल, असं मला वाटलं. बाबा रडताना मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

तर वहीतला हा माणूस. सुरुवातीला 'श्री', मग नाव, जन्म. मग लग्न, चार मुलं. मग पुन्हा समासात 'श्री', लग्न, तीन मुलं. मग पुन्हा 'श्री', लग्न, दोन मुलं. बायकांची नावं वेगळी. त्या काळात बाळंतपणात बायका जायच्या आणि पुरुष तेराव्यानंतर बोहल्यावर चढायला मोकळे. म्हणून मी एक माणूस, तीन बायका, नऊ मुलं, असं भरलं. शेवटच्या मुलाखाली आणखी एक 'श्री' होता, एकटाच. त्याच्यापुढे रिकामी जागा. मृत्यूची नोंद कुठेच नाही.

रटाळाने लगेच लाल त्रिकोण दाखवला. शेवटच्या मुलाच्या जन्मावेळी वडिलांचं वय एकशे पंधरा.

मी खो खो हसले. मग ऑफिसातलं डोकं चालवलं. वहीतली सालं शकातली, आणि शक आणि सन यांत अठ्ठ्याहत्तर वर्षांचा फरक. काकांनी शेवटच्या नोंदींत सन लिहिताना सवयीने 'शके' लिहून टाकलंय, दुसरं काय! मी त्या दोन मुलांच्या तारखा अठ्ठ्याहत्तर वर्षं मागे ओढल्या. एकशे पंधराचे सदतीस झाले, लाल त्रिकोण गेला. पण दुसऱ्या बायकोच्या धाकट्या मुलाशी तो पुन्हा आलाच, पिवळा होऊन. वडिलांचं वय पंचाहत्तर, खात्री करा. अरे, पंचाहत्तर तर पंचाहत्तर, तुझ्या पोटात का दुखतंय? मी सूचना बंद करून टाकल्या. तशी सोय असते.

शेवटी मी फोनवरचंच घेतलं. ते प्रश्न विचारत नव्हतं आणि प्रिंट सुरेख यायचा. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणारी मी, मला माझी चूक दाखवणारं मशीन नको झालं होतं. सरळ सांगायचं तर हेच कारण होतं.

भाच्याला झाड फारच आवडलं. त्या नावावर बोट ठेवून म्हणाला, "पंचाहत्तरीत मूल! आणि मी आठ वर्षं डॉक्टरांच्या चकरा मारतोय. काय तब्येत असेल गं म्हाताऱ्याची!"

"तूप खायचे ते. तुझ्यासारखं बर्गर नाही."

"अगं, परवा ऑफिसचं मेडिकल झालं ना. हृदयाची ती पट्टी काढतात ना, त्यात काहीतरी वेगळं दिसतंय म्हणे, पुढची टेस्ट करा. फॉर्ममध्ये प्रश्न होता, घराण्यात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालाय का? मी तिथल्या तिथे तुझं झाड उघडून दाखवलं. म्हटलं, आमच्याकडे लोक मरतच नाहीत. डॉक्टर हसले. म्हणाले, मग घाई नाही, पण करून घ्या."

मी पण हसले. मला अभिमान वाटला, हेही सांगायला हवं. माझ्या कामाचा कुणाला उपयोग झाला म्हणून. जाताना तो चपला घालायला वाकला आणि भिंतीला हात लावून क्षणभर थांबला.

"काय रे?"

"काही नाही. घेरी येते कधी कधी. स्क्रीनमुळे."

प्रिंट टाकायच्या आधी मला एकच गोष्ट डाचत होती. भाचा सहज म्हणाला होता, "वहीत मी कुठाय?" म्हटलं, काकांकडून मूळ वहीत त्याचं नाव घालून घ्यावं. बाळ यायच्या आत बापाची नोंद असावी. माझी जनरल रजिस्टरची खोड, दुसरं काय! डोहाळजेवणाच्या आधीच्या बुधवारी दुपारी मी कल्याणहून रिक्षाने मोहन्याला गेले.

काका खाटेवर बसून सुपारी कातरत होते. कंपनी केव्हाच बंद पडली, चाळ अर्धी रिकामी, पण त्यांची खोली लख्ख. मी म्हटलं, "काका, तुमची शंभर वर्षं भरत आली आणि तुम्ही माझ्या भाच्यालाच विसरलात. घाला त्याचं नाव."

त्यांनी फडकं सोडलं, पान उघडलं आणि अडकित्त्याचं टोक त्या शेवटच्या 'श्री'वर ठेवलं.

"आहे की. हा काय."

"हा नुसता श्री आहे."

"नाव वरती आहे ना. नाव तेच. पुन्हा कशाला लिहायचं?"

मला काहीच कळेना. ते माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की ही एवढी शिकलेली बाई, हिला साधं एवढं कळू नये. मग त्यांनी टोक वरच्या श्रीवर नेलं.

"हे आमच्या आजोबांचे भाऊ. लावणीच्या वेळी शेतात बसले, उठले नाहीत. एक्केचाळीस." टोक खाली सरकलं. "मग घरात पहिला मुलगा झाला तो हा. आमच्या वडिलांचा थोरला भाऊ. देवीचा डोंगर चढताना गेला. छत्तीस." पुन्हा खाली. "मग हा. आमचा अण्णा."

अण्णा म्हणजे थोरले काका. मी तान्ही असताना गेले, तापाने गेले, एवढंच मला सांगितलेलं. त्यांची बायको मुलांना घेऊन दापोलीकडे माहेरी गेली ती परत आली नाही. आमच्या घरात सगळे अण्णा, आप्पा आणि भाऊच. अण्णांचं पाळण्यातलं नाव काय, हे विचारायचं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. वहीत ते दिसले नाहीत, तेही मी म्हाताऱ्याच्या विसरण्यावर ढकललं होतं.

"ताप कसला! पहिल्या पाळीचा भोंगा झाला, सायकल हातात धरून गेटाशी पोचला आणि खाली बसला. मी मागेच होतो. एकोणचाळीस."

"मग मेला म्हणून लिहिलं का नाही?" माझा आवाज चढला.

"अकाली मरण वहीत घालायचं नाही. लिहिलं की ठरलं. तो जातो कुठे? घरातच येतो परत. श्री घालायचा आणि पुढे चालायचं. आमच्या आजाने घालून दिलंय." मग म्हणाले, "अण्णानंतर खरा तुझ्या भावाचा नंबर होता. तुझी आई पाळण्याशी आडवी झाली. हे नाव नको म्हणाली. फार बोलली मोठ्यांना. म्हणून तो एक पिढी थांबला."

माझा भाऊ त्रेसष्ट वर्षांचा आहे. टिटवाळ्याला राहतो, रोज गणपतीच्या देवळापर्यंत चालत जातो.

मी काकांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. म्हटलं, अहो, नावाने माणूस मरत नाही, रक्तातून येतं हे, आणि तुम्ही ते चार पिढ्या झाकून ठेवलंत. ते सुपारी कातरत राहिले. हे रक्तातलं प्रकरण आहे हे कळायला मला डॉक्टर व्हायची गरज नव्हती. एकशे पंधरा वर्षांचा म्हातारा कधी नव्हताच. एक्केचाळीस, छत्तीस आणि एकोणचाळीस वर्षांची तीन माणसं होती, आणि मशीनने मला ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

रिक्षात बसल्या बसल्या मी वहिनीला, म्हणजे भाच्याच्या आईला, फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ताई, तुमच्या पाया पडते. रविवारपर्यंत एक शब्द काढू नका. आठ वर्षांनी दिवस राहिलेत. ती पोर आधीच घाबरट. सातव्यात असलं काही कानावर गेलं तर? शुभ बोला हो. सोमवारी मी स्वतः त्याला घेऊन जाते."

"अगं, पण त्याला घेरी येते."

"चार दिवसांनी काय होतंय? अडतीस वर्षं झालं नाही ते चार दिवसांत होणारे का?"

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, अशी माझी ख्याती. सासरी, माहेरी, शाळेत, सगळीकडे. कुणाच्या डोळ्यात काय दिसलं ते मी तोंडावर सांगत आले. आणि या एका वेळी मी तोंड मिटलं. ओटीभरण आहे, हिरवी साडी आली आहे, फुलांचे दागिने सांगून झालेत, अशा घरात मरणाचं बोलायचं नसतं, हे माझ्याही हाडात होतंच. काकांना नावं ठेवून उतरले आणि तासाभरात मीही तेच केलं.

गुरुवारी भाच्याला फोन केला. नुसतं विचारलं, "तब्येत कशी आहे? ती टेस्ट?"

"करतो गं. आता घरात ही गडबड. सोमवारी."

सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. मागून कुणीतरी त्याला पडद्याचा रंग विचारत होतं. तो खुशीत होता.

"बरं, सोमवारी," मी म्हटलं. "नक्की हं. आणि जड काही उचलू नकोस."

"का? मला सातवा आहे का?" म्हणून तो हसला.

हे माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं. रोज एकदा तरी मी ते मनात पहिल्यापासून म्हणून बघते. प्रत्येक वेळी तिथे सांगायला जागा असते.

शनिवारी संध्याकाळी त्यांच्या टॉवरची लिफ्ट दुरुस्तीला बंद होती. झोपाळा भाड्याने आणलेला, लोखंडी दांडे सुटे, तासाभरात लिफ्ट सुरू होईल म्हणून वॉचमन सांगत होता. पण भाच्याला धीर कुठला! फुलवाला वर येऊन बसला होता. त्याने दोन दांडे खांद्यावर घेतले आणि जिन्याने निघाला. अकराव्या मजल्यावरच्या बाईंनी आवाज ऐकून दार उघडलं. दांडे जिन्यावरून खाली घरंगळत होते, आणि तो पायरीवर बसला होता. बसलाच होता, भिंतीला टेकून.

मी हॉस्पिटलात पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. डॉक्टर तरुण होती, भाच्यापेक्षाही लहान. हातात कागद घेऊन तिने विचारलं, "घराण्यात आधी कुणी असं तरुण वयात, अचानक गेलं होतं का?"

भाऊ म्हणाला, "नाही हो. कुणीच नाही."

मी म्हटलं, "तीन."

भावाने माझ्याकडे पाहिलं. वहिनीने खाली पाहिलं. डॉक्टरने लिहून घेतलं, आणि मग आवाज न चढवता म्हणाली, "हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. हृदयाचा स्नायू जाड होतो यात. साधी सोनोग्राफीसारखी तपासणी असते, वीस मिनिटांची."

वीस मिनिटं. मी सॉफ्टवेअर निवडायला तीन आठवडे घालवले होते.

प्रिंट रविवारी सकाळी आला. सांगितलेली वेळ अगदी पाळली त्यांनी. ती गुंडाळी उघडलीच नाही, माळ्यावर टाकली. मी त्या दिवसांत कुणाशी बोलत नव्हते. वहिनीला दोष द्यायला माझी जीभ वळवळायची, पण तिने मला गप्प राहायला सांगितलं आणि मी राहिले, यात तिचं काय? माझं तोंड माझ्याच ताब्यात होतं. खरंतर मला काकांचा राग यायचा, मग स्वतःचा यायचा, आणि दोन्ही राग एकाच जागी येऊन बसायचे.

दोन महिन्यांनी मुलगा झाला. भाच्याच्या बायकोने, आमच्या सुनेने, तोवर जे सोसलं ते मी सांगू शकत नाही, तो तिचा हक्क आहे. बारसं घरातल्या घरातच, दहा-बारा माणसांत. भाच्याला बहीण नव्हती, म्हणजे बाळाला आत्या नाही. सगळ्यांनी म्हटलं, मोठी आत्या आहे ना, तिनेच नाव सांगावं. काकांना मोहन्याहून गाडीने आणलं होतं. त्यांच्या मांडीवर लाल फडक्यातली वही होती.

मी पाळण्याकडे निघाले, तेव्हा त्यांनी मला हाताने बोलावलं आणि पान उघडून दाखवलं. चौथ्या श्रीच्या पुढची जागा रिकामीच होती. त्याखाली, नवीन शाईत, पाचवा श्री.

"आला परत," म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बाबांच्या डोळ्यांत त्या दिवशी कसलं पाणी होतं, ते मला आत्ता कळलं. त्यांना त्यांचा भाऊ दिसत होता. बाबांना सगळं माहीत होतं.

सगळी माझ्याकडे बघत होती. वहिनीने ओठांतल्या ओठांत ते नाव उच्चारलं, मी विसरेन म्हणून की काय! तिला तिचा मुलगा परत हवा होता. कुठल्या आईला नको असतो? मी पाळण्यावर वाकले. बाळाचे डोळे उघडे होते, कपाळ थेट बापाचं. माझ्याही जिभेवर तेच नाव आलं. खोटं कशाला बोलू, मलाही तो परत हवा होता.

मी कुर्र केलं आणि आमच्या घराण्यात कुणाचंच नव्हतं असं एक नाव सांगितलं. सुनेने आदल्या दिवशी मला एकटीला गाठून सांगितलेलं. आणि कानात नाही, मोठ्याने सांगितलं.

धपाट्यांसाठी उचललेले हात तसेच वर राहिले. एकही पाठीत पडला नाही. मग सुनेने पुढे होऊन माझ्या पाठीवर हळूच एक थाप दिली, आणि तिथेच हात ठेवून उभी राहिली.

मी काकांच्या मांडीवरून वही उचलली. ते नको नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. पहिल्या श्रीखाली लिहिलं, मृत्यू, वय एक्केचाळीस. दुसऱ्याखाली, छत्तीस. तिसऱ्याखाली, एकोणचाळीस. चौथ्यापुढची जागा भरायला मला वेळ लागला. पाचवा श्री मी खोडला आणि खालच्या ओळीवर बाळाचं नाव, आईचं नाव, बापाचं नाव, असं घातलं. तीस वर्षं ज्या अक्षरात दाखले लिहिले त्याच अक्षरात.

बाळाची तपासणी झाली. आत्ता ठीक आहे. दर वर्षी करायची, मोठा झाला तरी करायची. भावाचीही झाली. त्याच्या कागदावर डॉक्टरांनी एक ओळ लिहिली, ती त्याने घडी घालून खिशात ठेवली. त्यानंतर तो देवळापर्यंत रिक्षाने जातो. दापोलीकडे अण्णांची दोन मुलं असतील, त्यांची मुलं असतील. त्यांना मी शोधते आहे, आणि भेटली की हात जोडून पहिल्याच वाक्यात सांगणार आहे. लग्न असो, मुंज असो.

फोनवरचं सॉफ्टवेअर काढून टाकलं. रटाळ विकत घेतलं, सूचना पुन्हा चालू केल्या. एका दुपारी बसून त्या एका माणसाची तीन माणसं केली. मुलं ज्याची त्याला दिली, अठ्ठ्याहत्तर वर्षं परत पुढे आणली. मग भाच्याची नोंद उघडली आणि मृत्यूचा रकाना भरला. वय सॉफ्टवेअरने स्वतःच मोजलं, अडतीस. खाली बाळ घातलं. बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेलं मूल घातलं की ते विचारतं, असं मी वाचलं होतं. पण नऊ महिन्यांच्या आतलं होतं, म्हणून काही विचारलं नाही.

मी स्क्रीनकडे बघत बसले. मला वाटत होतं, आता तरी ते अडवेल. एवढ्याशा वयाचा माणूस, घरात झोपाळा यायचाय, हे जुळत नाही, खात्री करा, असं काहीतरी म्हणेल. मी वरपासून खालपर्यंत पुन्हा पुन्हा पाहिलं. सगळ्या तारखा जुळल्या होत्या. कुठेच लाल नव्हतं.